होस्टिंगवाल्याचा मेल आलाय, पीएचपी बंद होणार म्हणे, आता फोरमचं काय करायचं?

जुना फोरम (मेंबरांनी धागे काढून चर्चा करायची वेबसाइट) सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा मेल कधी ना कधी येतोच. तुमच्या खात्यावर पीएचपी ७.४ (ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर फोरम चालतो तिचं जुनं व्हर्जन) आहे, ते एंड ऑफ लाइफ झालंय, अमुक तारखेनंतर आम्ही ते सर्व्हरवरून काढून टाकणार, तरी कृपया अपग्रेड करून घ्या. यावर माणसं साधारण दोनच गोष्टी करतात. एकतर मेल तसाच पडू देतात, कारण फोरम तर मस्त चाललाय ना, किंवा मग त्याच रात्री कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून ड्रॉपडाउनमधून सरळ ८.३ निवडतात आणि सकाळी सगळ्या मेंबरांना कोरी पांढरी स्क्रीन दिसते. मधला रस्ता आहे आणि तो फार अवघडही नाही, फक्त त्यात क्रम पाळावा लागतो, आणि तो क्रम कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

उदाहरण म्हणून मी पीएचपीबीबी घेतोय, कारण फुकट मिळणाऱ्या फोरम सॉफ्टवेअरमध्ये ते सगळ्यात जास्त पसरलेल्यांपैकी एक आहे आणि एकेकाळी कॉलेजचे माजी विद्यार्थी, ट्रेकिंगवाले, कॅमेरावाले असे कितीतरी ग्रुप त्यावरच जमायचे. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तर आकडे बदलतील, हिशोब तोच राहील.

आधी एंड ऑफ लाइफ म्हणजे काय ते बघू. त्या तारखेला काहीही बंद पडत नाही. पीएचपी ७.४ आलं २८ नोव्हेंबर २०१९ ला आणि त्याची मुदत संपली २८ नोव्हेंबर २०२२ ला, पण २९ तारखेला त्यावरचे सगळे फोरम आदल्या दिवशीसारखेच चालू होते. बंद होते ती दुरुस्ती. म्हणजे आता त्यात एखादं भोक सापडलं तर ज्यांनी ते बनवलं ते बुजवून देणार नाहीत. पीएचपीचा नियम पूर्वी असा होता की २ वर्षं नेहमीची दुरुस्ती आणि वर १ वर्ष फक्त सिक्युरिटीची, २०२४ मध्ये तो बदलून सिक्युरिटीची २ वर्षं केली आणि शेवटची तारीख सगळ्यांना सारखी ३१ डिसेंबर ठेवली. त्यामुळे हिशोब सोपा झालाय, ८.१ संपलं ३१ डिसेंबर २०२५ ला, ८.२ ची तारीख ३१ डिसेंबर २०२६, ८.३ ची २०२७ आणि ८.४ ची २०२८.

'पण माझ्या छोट्याशा फोरमवर कोण हल्ला करणार' हा प्रश्न हमखास येतो. तुमच्यावर म्हणून कुणीच करणार नाही, तेवढा वेळ कुणाकडे नाहीये. करतो तो बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आणि बॉटला तुमचा फोरम छोटा की मोठा याच्याशी काही घेणंदेणं नसतं. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा एक वर्म (स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम) आला होता, तो खास पीएचपीबीबीच्याच मागे लागलेला. धाग्यामध्ये शोधलेला शब्द रंगवून दाखवायची जी सोय होती तिच्यात भोक होतं, आणि हा वर्म चक्क गूगलवर सर्च मारून पुढचं सावज शोधायचा, सापडलं की घुसून पानं पुसायचा, मग तिथून पुढचं सावज. शेवटी गूगलला ते सर्च अडवावे लागले. आणि दुरुस्ती नव्हती असं नाही हं, पीएचपीबीबीचं २.०.११ हे व्हर्जन त्याच्या महिनाभर आधी नोव्हेंबरमध्येच आलेलं, ज्यांनी टाकलं ते वाचले.

ते तरी दुरुस्ती असूनही न घेणाऱ्यांचं झालं. दुरुस्तीच मिळत नाही तेव्हा काय होतं त्याचं ताजं उदाहरण जून २०२४ चं. विंडोज सर्व्हरवर पीएचपी सीजीआय या जुन्या जोडणीच्या पद्धतीने चालत असेल तर बाहेरचा माणूस स्वतःचा कोड चालवू शकेल असं भोक सापडलं, सीव्हीई-२०२४-४५७७ हा त्याचा नंबर, आणि गंमत म्हणजे २०१२ मध्ये बुजवलेल्या भोकालाच वळसा घालून हे नवं निघालं होतं. लगेच ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ अशी दुरुस्त व्हर्जनं आली. ८.० मध्येही भोक होतंच, पण त्याची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपलेली, त्यामुळे ८.० वाल्यांना आणि सगळ्या ७ वाल्यांना काहीच मिळालं नाही. लिनक्सवरच्या फोरमना या भोकाचा त्रास नव्हता ते खरंय, पण पुढचं भोक लिनक्सवरचं असलं तरी मुदत संपलेल्यांच्या वाट्याला हेच येणार.

आता थोडं किचकट. मेलमध्ये नाव एकट्या पीएचपीचं असतं पण तुमचा फोरम उभा असतो चार-पाच गोष्टींवर, खाली ऑपरेटिंग सिस्टिम, मग डेटाबेस, मग पीएचपी, त्यावर फोरमचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यात वर तुम्ही हौसेने बसवलेले मॉड (जास्तीच्या सोयी), थीम (दिसण्याची रचना) वगैरे. या प्रत्येकाची मुदत वेगळी. सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टिम संपली ३० जून २०२४ ला, मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस संपला ऑक्टोबर २०२३ मध्ये, मायएसक्यूएल ८.० चा नंबर एप्रिल २०२६ चा. शिवाय तारीख कुणाची तेही बघावं लागतं. उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पीएचपी ७.४ होतं, पीएचपीवाल्यांनी ते २०२२ मध्येच सोडलं पण उबुंटूवाले मे २०२५ पर्यंत आपल्या पॅकेजला सिक्युरिटीची दुरुस्ती देत राहिले. म्हणजे तुम्ही उबुंटूचंच पॅकेज वापरत असाल तर घाई नव्हती, दुसरीकडून आणून बसवलेलं असेल तर होती. शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) हे सगळं होस्टिंगवाल्याच्या हातात, त्याला एक साधा प्रश्न मेल करून विचारायचा की जुन्या पीएचपीला तुम्ही स्वतः पॅच (दुरुस्ती) देता का. काहीजण खरंच देतात.

सेंटओएस ७ वाल्यांची अडचण आणखी वेगळी झाली. मुदत संपल्यावर त्याची मिरर लिस्टच (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) बंद झाली, आता अपडेट करायची साधी 'यम अपडेट' कमांड मारली तरी होस्ट सापडत नाही असा एरर येतो आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. नेटवर्क ठीक असतं, पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्यात हलवलेली असतात इतकंच. आणि तिथलं मूळ पीएचपी ५.४, त्यामुळे सेंटओएस ७ वर चालत राहिलेला फोरम बहुतेक वेळा सगळ्याच थरांत जुना असतो.

तर मग पांढरी स्क्रीन का येते? कारण पीएचपी नवीन व्हर्जनमध्ये जुन्या गोष्टी आधी 'वापरू नका' म्हणून सांगतं आणि नंतर खरोखर काढून टाकतं. डेटाबेसशी बोलायची जी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं होती ती पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, गेली. प्रेग रिप्लेस या फंक्शनचा ई मॉडिफायर, ज्याच्यावर जुन्या फोरमांचं ठळक-तिरकं-कोट हे सगळं बीबीकोडचं काम चालायचं, तोही ७.० मध्येच गेला. ईच नावाचं फंक्शन, क्रिएट फंक्शन, मॅजिक कोट्स तपासायचं फंक्शन ही सगळी ८.० मध्ये गेली. शिवाय ८.० ने आकडा आणि अक्षरं यांची तुलनाच बदलली, पूर्वी शून्य आणि कुठलाही आकडा नसलेला शब्द यांना पीएचपी समान समजायचं, आता नाही समजत. हा बदल जास्त त्रासदायक, कारण काढलेलं फंक्शन असेल तर निदान एरर तरी येतो, इथे एरर न येता एखादी परमिशनची अट गुपचूप उलटी होऊ शकते.

म्हणजे जुना फोरम नव्या पीएचपीवर चालत नाही. आणि नवा फोरम जुन्या पीएचपीवर चालत नाही. इथे लोक अडकतात, आधी हे करू की ते करू. मला विचाराल तर अख्ख्या अपग्रेडमध्ये समजून घ्यायची गोष्ट हीच एक आहे. पश्चिमवरून मध्य रेल्वेला जायचं तर दादरला उतरता, कारण तिथे दोन्ही लाइनी आहेत, तसं तुम्हाला फोरमचं असं एक व्हर्जन शोधायचंय की जे तुमच्या आत्ताच्या पीएचपीवरही चालतं आणि पुढच्यावरही. पीएचपीबीबी ३.० तर पीएचपी ४ वर सुद्धा चालायचं इतकं जुनं. ३.२ हे जानेवारी २०१७ मध्ये आलं आणि ते ५.४ वरही चालायचं आणि ७ वरही. ३.३ आलं जानेवारी २०२० मध्ये, त्याचे पुढचे अपडेट पीएचपी ७.४ वरही चालतात आणि ८ वरही. झालं की मग. जुन्या पीएचपीवर असतानाच फोरम ३.२ वर न्यायचा, मग पीएचपी ७ वर जायचं, मग फोरम ३.३ वर, मग पीएचपी ८. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, म्हणजे काही मोडलं तर कशामुळे मोडलं हे शोधत बसावं लागत नाही.

पण हे झालं चालू सर्व्हरवरच सगळं करायचं असेल तर. नवीन सर्व्हर घेता येत असेल, आणि सेंटओएस ७ वाल्यांना तो घ्यावाच लागणार, तर मधली स्टेशनं गाळता येतात. पीएचपीबीबीची एक चांगली सोय अशी की ३.० चा डेटाबेस थेट ३.३ च्या अपडेटरला दिला तरी तो मधल्या सगळ्या पायऱ्या स्वतः करतो. म्हणजे नव्या सर्व्हरवर नवीन पीएचपी, त्यावर ३.३ च्या ताज्या फाइली, जुन्या डेटाबेसची कॉपी, आणि जुन्या फोरममधून फक्त कॉन्फिगची फाइल, अटॅचमेंटचं फाइल्स फोल्डर, इमेजेसचं फोल्डर आणि स्टोअर फोल्डर. बाकी जुनं काही आणायचं नाही. अपडेटर ब्राउझरमधून चालवता येतो पण फोरम मोठा असेल तर मधेच टाइमआउट होतो, म्हणून कमांड लाइनवरून चालवलेला बरा. २.० वाल्यांना मात्र अपडेट नाही, त्यांना नवीन ३.३ टाकून कन्व्हर्टरने जुना डेटा त्यात ओतावा लागतो.

बॅकअपबद्दल सगळे सांगतात म्हणून मी थोडक्यात सांगतो. डेटाबेसचा डंप (त्यातल्या सगळ्या माहितीची एक फाइल) आणि फाइल्सचं फोल्डर, दोन्ही हवं, कारण पीएचपीबीबी अटॅचमेंट स्वतःच्या एन्कोड केलेल्या नावाने ठेवतं, कुठली फाइल कुणाची हे फक्त डेटाबेसला माहीत असतं, एक असून दुसरं नसेल तर दोन्ही वाया. आणि बॅकअप घेतला म्हणजे तो एकदा कुठेतरी परत उभा करून बघितला असा अर्थ घ्यायचा. ट्रायलसाठी जी कॉपी उभी कराल तिच्यातलं ईमेल आधी बंद करा, नाहीतर टेस्टिंग करताना शेकडो लोकांना नोटिफिकेशन जातात आणि मग खुलासे करत बसा. डोमेन न हलवता नवा सर्व्हर बघायचा असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये फोरमच्या नावापुढे नव्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे पत्ता, लिहायचा, जगाला जुना फोरम दिसतो, तुम्हाला एकट्याला नवा.

आता खास आपल्या लोकांची डोकेदुखी, देवनागरी. इंग्रजी फोरमवाल्यांना हा प्रकार फारसा भोगावा लागत नाही त्यामुळे इंग्रजी गाइडमध्ये यावर दोन ओळी असतात.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. पीएचपीला आजही साध्या फंक्शनने या शब्दाची लांबी विचारली तर ते १५ म्हणून सांगतं. (पीएचपी ६ मध्ये युनिकोड आतूनच येणार होतं, ते काम इतकं लांबलं की ६ व्हर्जन सोडून देऊन थेट ७ काढलं.) जुन्या मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवताना काही सांगितलं नाही तर ते लॅटिन१ या युरोपीय संचाचं बनायचं, आणि आपला फोरम त्यात बिनधास्त यूटीएफ-८ चे बाइट कोंबायचा. डेटाबेसला वाटायचं ही कुठलीतरी युरोपीय अक्षरं आहेत. ठेवताना आणि काढताना दोन्हीकडे तोच गैरसमज, त्यामुळे पानावर मराठी अगदी व्यवस्थित दिसायची आणि वर्षानुवर्षं कुणाला काही कळायचं नाही.

अपग्रेडच्या दिवशी हे बाहेर येतं. मायएसक्यूएल ८.० ने डिफॉल्ट यूटीएफ८एमबी४ (४ बाइटपर्यंत जाणारं पूर्ण यूटीएफ-८) केलंय, नवा फोरमही यूटीएफ-८ च मागतो, आणि मग कुणीतरी 'कन्व्हर्ट' ची कमांड मारतं. डेटाबेस प्रामाणिकपणे प्रत्येक बाइटला एक युरोपीय अक्षर समजून त्याचं यूटीएफ-८ करतो. एका 'म' चे ३ बाइट होते त्याचे ६ होतात, आणि पानावर म च्या जागी डोक्यावर उलटी मात्रा असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना काटे फुटलेलं एक वर्तुळ, आणि शेवटी चक्क रजिस्टर्ड ट्रेडमार्कचं चिन्ह. सगळा फोरम असा.

उपाय आहे. कॉलम (टेबलमधला रकाना) आधी बायनरी, म्हणजे नुसत्या बाइटचा, करायचा, म्हणजे डेटाबेस त्यात अक्षरं शोधणं सोडून देतो, आणि मग बायनरीवरून यूटीएफ८एमबी४ करायचा, म्हणजे बाइट तेच राहतात फक्त वरची पाटी बदलते. किंवा डंप घेताना लॅटिन१ सांगून घ्यायचा आणि डंपच्या आतलं नाव बदलून परत चढवायचा. एक मात्र लक्षात ठेवा, बिघडलेला मजकूर बाहेर विंडोजच्या एखाद्या एडिटरमध्ये नेऊन सुधारायला जाऊ नका. विंडोजच्या युरोपीय संचात ५ जागा रिकाम्या आहेत, आणि आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्या रिकाम्या जागेवर पडतो, ऱ्हस्व उकाराचाही, ए आणि झ यांचाही. टूलने त्या जागा गाळल्या की बाकी सगळं परत येतं पण जोडाक्षरं फुटतात आणि उकार गायब, आणि ते मग कशानेच परत येत नाही. मायएसक्यूएल स्वतः त्या ५ जागा सांभाळतं, म्हणून हे काम डेटाबेसच्या आतच करायचं.

२.० च्या काळातल्या फोरमची अजून एक तऱ्हा. पान लॅटिनचं असेल तर ब्राउझर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह अँपरसँड, हॅश, चार आकडे आणि अर्धविराम अशा ७ चिन्हांच्या कोडमध्ये बदलून पाठवायचा. धाग्याच्या नावाला जागा ६० चिन्हांची, म्हणजे देवनागरीची फार तर ८. त्यामुळे जुन्या धाग्यांची नावं मधेच तुटलेली असतात, ती अपग्रेडने तुटलेली नाहीत, २००४-०५ मध्येच तुटली आहेत. मेंबर ओरडतील, त्यांना जुना डंप उघडून दाखवायचा.

इमोजीचं सोपं आहे. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ फक्त ३ बाइटपर्यंत जातं, देवनागरी त्यात बसते, इमोजीला ४ लागतात म्हणून बसत नाही, कडक मोड नसेल तर इमोजीपासून पुढचं सगळं वाक्यच कापलं जातं. टेबल आणि फोरमचं डेटाबेसशी कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ असलं की संपलं.

डेटाबेसचं बाकी थोडकंच. ५.७ वरून ८.० ला गेल्यावर तिथल्या तिथे मागे येता येत नाही, परतीचा रस्ता म्हणजे तुमचा डंप. आणि ८.० मध्ये पासवर्ड तपासायची नवीन पद्धत आहे, ती पीएचपी ७.४ पासूनच समजते, त्याच्या आधीचं पीएचपी असेल तर लॉगिनच होत नाही आणि लोक पासवर्ड चुकला समजून बदलत बसतात.

मॉडचं मात्र मन घट्ट करावं लागेल. ३.० मध्ये मॉड म्हणजे फोरमच्या मूळ फाइलींमध्येच हाताने ओळी घुसवायच्या अशी पद्धत होती, २०१४ च्या ३.१ पासून एक्स्टेंशन वेगळ्या फोल्डरमध्ये राहायला लागली. त्यामुळे ३.० वरून येताना एकही मॉड टिकत नाही. सबसिल्व्हर२ थीम ३.२ मध्ये काढून टाकली, म्हणजे जुना निळसर लूकही गेला. अपग्रेड करताना प्रोसिल्व्हर ही मूळची थीम ठेवा, एकही एक्स्टेंशन चालू नको, सगळं नीट उठलं की मग एकेक लावत जा, आणि लावण्याआधी त्याचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. सात-आठ वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही ते एक्स्टेंशन पुढच्या पीएचपीला पुन्हा तुम्हाला रात्री जागवणार.

आणि एक वेगळा सल्ला, जो फोरमप्रेमींना आवडत नाही. वर्षात चार पोस्ट पडत असतील तर अपग्रेड करूच नका. फोरम लॉक करा, सगळ्या सार्वजनिक पानांची साधी एचटीएमएल कॉपी काढा आणि तीच ठेवा. पीएचपी नको, डेटाबेस नको, मुदत संपायला काही उरतच नाही, गूगलवरून येणाऱ्याला जुना धागा सापडतो. खाजगी मेसेज आणि ईमेल पत्ते त्यात येत नाहीत ना एवढं तपासा, आणि मूळ डेटाबेस नेटवर ठेवू नका, कारण २.० च्या काळचे मेंबरांचे पासवर्ड साध्या एमडी५ मध्ये, म्हणजे आज सहज फोडता येणाऱ्या जुन्या पद्धतीत, असतात. त्यातल्या कितीतरी जणांनी तोच पासवर्ड आजही दुसरीकडे वापरात ठेवला असेल.

बाकीच्यांनी डोमेन हलवायच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) कमी करून ठेवा, जुना फोरम त्या रात्री लॉक करा म्हणजे शेवटचा डंप घेतल्यानंतर कुणी तिकडे पोस्ट टाकणार नाही, आणि जुना सर्व्हर लगेच रद्द न करता महिनाभर बंद करून ठेवा. साधारण तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतं की माझा अवतार (नावाशेजारचा फोटो) दिसत नाहीये.